माश्या यादीत नव्हत्या

खराडीत, नवव्या मजल्यावर,
मी रक्ताचा रंग बदलते.
एका देशाला हिरवं चालतं, एकाला काळं,
एकाला मुळीच नको.
तिथे गोळी लागलेला माणूस
पुसट होत होत जातो,
पाटीवरच्या कालच्या बेरजेसारखा.

सकाळी यादी येते.
कवटी काढा.
सिगारेटच्या जागी बडीशेपेची पुडी द्या.
बाटलीवर सरबत लिहा.
नकाशावरची ती रेघ जरा वर सरकवा.
सरकवली.
वाळूच होती तिथे, कुणी ओरडलं नाही.

कुरकुर करत नाहीये मी.
मागच्या थंडीत एक खेळ आला,
त्यात एका बाईला केसांना धरून फरपटत न्यायचं,
बटण जितकं जोरात दाबाल तितकी फरपट जास्त.
ते कुणाच्याच यादीत नव्हतं.
मीच घातलं, ठळक अक्षरांत,
आणि त्या रात्री वरण-भात खाऊन
गाढ झोपले.
म्हणजे कात्री माझ्याही हाताला बसते,
हे आधीच सांगितलेलं बरं.

बाबा विचारतात, तू नक्की करतेस काय?
बाबा बँकेत होते, आणि संध्याकाळी नाटकात.
एकदा त्यांची संहिता मुंबईहून परत आली,
शिक्क्यासकट :
पान चौतीस, ओळ सहा, वगळावी.
वगळली.
पण चंदू पोंक्षे त्या जागी यायचा,
तोंड उघडायचा, मिटायचा,
आणि ते वाक्य मनात म्हणून होईपर्यंत
नुसता उभा राहायचा.
साडेचार सेकंद.
तिसऱ्या प्रयोगाला भरतमधले लोक
त्या साडेचार सेकंदांना टाळ्या द्यायला लागले.
शांततेवर शिक्का मारणार कुठे?
काय होतं हो ते वाक्य, मी विचारते.
बाबा चष्मा पुसतात.
वाक्य गेलं त्यांच्या डोक्यातून.
थांबणं तेवढं आठवतं.

तौसीफनं अकरा दिवस खपून
विहिरीपाशी एक म्हातारा पाडून ठेवला होता.
एका पायात चप्पल,
दुसरी काठावर, तळ झिजलेली.
मुठीत दोर.
पाणी शेंदताना मारला असावा, इतपत कळायचं,
कुणी ते नाही.
यादीत आलं : मृतदेह काढा, विहीर राहू द्या.
मी काढला. चप्पल काढली. दोर काढला.
माश्या राहिल्या.
माश्या दुसऱ्याच कप्प्यात होत्या,
वारा आणि धुळीबरोबर, 'वातावरण' नावाच्या.
मोकळ्या मातीवर गोल गोल फिरत होत्या,
आवाजासकट.

चुकीचा अर्ज उघडला.
लिहिलं : विहिरीपाशी माश्या, विनाकारण.
'विनाकारण' या शब्दाकडे बघत बसले.
खाली बायपासला ट्रकांची रांग लागली होती,
कुणीतरी अखंड हॉर्न दाबून धरला होता.
मग अर्ज पुसला.
तौसीफ चहाचे दोन कप घेऊन मागे उभा होता.
काही बोलला नाही.
माझाही चहा त्यानंच पिऊन टाकला.

खेळ बाजारात आला, बारा वर्षांवरील मुलांसाठी स्वच्छ.
धायरीत आमच्या वरच्या मजल्यावरचा निहार
पायऱ्या उतरत आला,
हातात फोन, कपाळाला आठ्या.
ताई, तुमच्या खेळात एक विहीर आहे.
बरं मग?
तिथं काहीच नाहीये. मी आत डोकावलो, मागं गेलो,
दोनदा सगळं पालथं घातलं.
मग माश्या कशाला?

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.
मी म्हटलं, तू काय केलंस?

गोळ्या घातल्या, तो म्हणाला.
मरत नाहीत.