अठरा मिलिमीटर

गाडी दोन माणसांची, लाल, छत कापडी.
मालकीण दातांच्या डॉक्टर, हेमांगी झोकरकर, वय एकसष्ट.
म्हणाल्या, हिचं नाक ऐकत नाही.
मी स्टीअरिंग डावीकडे वळवते
आणि ही निघते सरळ कठड्याकडे,
तिथं कुणी बोलावल्यासारखी.

मी म्हटलं, मग मागचा भाग कडक करू.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
दुखतंय नाक, आणि तुम्ही शेपूट बांधणार?
तुम्हीसुद्धा, मॅडम,
दाढ दुखते म्हणणाऱ्याचा भलताच दात ठोकून बघता की.

देवास नाक्यामागे माझं गॅरेज.
खड्ड्यात उतरायला हल्ली वेळ लागतो,
दोन मणके सरकलेत, कमरेला पट्टा,
पट्ट्यात चार पोलादी पट्ट्या.
भुऱ्या वरून टॉर्च धरतो आणि हसतो:
भिया, तुमचं झालं कडक, आता गाडीचं.

जुना बार चौदाचा.
सियागंजात नसरुभाईनं अठराचा वाकवला,
स्प्रिंगचं पोलाद, भट्टीतून निघालं ते केशरी,
तेलात बुडवलं तर अख्खी गल्ली खोकली.
चारच मिलिमीटर जास्त,
पण पीळ घालून बघा.
जाडी थोडी वाढते, हट्ट पावणेतीन पट.
आमच्या वडिलांचं वयाबरोबर तसंच झालं,
हेही बाईंना सांगून बसलो.

बारच्या टोकाला तीन भोकं.
बाहेरचं मऊ, आतलं कडक.
मी बोल्ट आतल्यात टाकला.
दाखवायचं होतं, दुसरं काय.

रविवारी पहाटे सिमरोलचा घाट.
खंडव्याकडचे ट्रक अजून यायचे होते.
पहिलं वळण: नाक वळलं.
बाई हसल्या, आणि इतक्या वर्षांत
मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.
दुसऱ्याला आतलं मागचं चाक उचललं गेलं,
थंड पाण्यातून पाय काढावा तसं, अलगद.
तिसऱ्याला त्या घाबरल्या.
ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला,
आणि मागचा भाग म्हणाला, आता मी पुढे.

सागाची झाडं एकदा गोल फिरली.

थांबलो तेव्हा तोंड इंदूरकडे.
रेडिएटरचा पंखा चालू,
तारेवर एक कोतवाल,
आणि माझा पट्टा करकरतोय.
बराच वेळ त्यांनी स्टीअरिंग सोडलं नाही.
मग विचारलं, वडील तुमचे असेच फिरले का?
नाही, म्हटलं. ते कधी फिरले नाहीत.
तुटले.

पट्टा काढून ठेवला सीटवर,
तो घालून गाडीखाली शिरता येईना.
धुळीत पाठ टेकली. आई गं.
बोल्ट सोडवला, मधल्या भोकात घातला,
उरलेल्या दोन्हींत बोटानं ग्रीस भरलं,
गंजू नयेत, पुढं कुणाला लागतील.
टॉर्च बाईंच्या हातात.
हात अजून थरथरत होता,
उजेड भलतीकडेच, कठड्यावर.
मी म्हटलं, थोडं डावीकडे.

उजेड वळला.