उद्योगाचे नाव

नेरच्या बसस्टँडामागे, चिकन सेंटरच्या वरच्या खोलीत
माझं सेतू केंद्र.
एक प्रिंटर, दोन खुर्च्या, अंगठ्याचं यंत्र,
आणि मनात आलं तरच चालणारा इन्व्हर्टर.

पहिला रकाना : उद्योगाचे नाव.
इथंच माणूस अडतो.
"नाव टाकाच लागते का वो ताई?"
विचारते वनमाला गुल्हाने.
लग्नसराईत सरगुंडे, कुरोड्या करून देते.
आजवर तिनं नावं ठेवली ती दोन पोरांची
आणि एका बकरीचं.
बराच वेळ पंख्याकडे बघत बसली.
मग हळूच, खालच्या दुकानात ऐकू जाऊ नये असं :
"वनमाला."
मी टाइप केलं.
स्क्रीनवर पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

कामगार किती?
"मी अन् माही मशीन," म्हणते कौसर बी.
शाळेच्या दप्तरांना चेनी बसवते.
मशीन धरत नाहीत, मी सांगते.
"मंग एक लिवा. पन तिले राग येईन."
तिच्या कामाला यादीत आकडा सापडेना.
टाकली 'इतर'मध्ये.
'इतर' हे फार मोठं गाव आहे,
आमच्या तालुक्याहून मोठं.

दुर्योधन मेश्रामचा अंगठा यंत्र घेईना.
एकोणीस वर्षं जिनिंगमध्ये,
रेषा रुईसोबत गठाणीत बांधून गेल्या असतील कुठे कुठे.
पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला.
सहाव्यांदा हिरवा दिवा लागला.
"दिसलो बाप्पा एकदाचा," म्हणाला.
उद्योगाचे नाव : मेश्राम ई-रिक्षा.

त्या मार्चमध्ये अमरावतीहून एक मुलगी आली,
अर्थशास्त्राचा अभ्यास करणारी.
लॅपटॉपवर तिची एक निळी रेघ होती :
राज्यात दर महिन्याला किती नवे अर्ज.
तिच्याखाली आमच्या तालुक्याची, बारीक.
"डिसेंबरात एवढी उसळी? काय सुरू झालं इथं?"

मी वही काढली. मी वहीपण ठेवते.
डिसेंबर, बावन्न अर्ज.
बोट ठेवत गेले :
हा जिनिंगचा. हाही.
ही जिनिंगच्या गेटवर चहा विकायची.
हा तिथला काटेवाला.
"सुरू नाही झालं," म्हटलं, "भोंगा बंद झाला."
तिचं पेन थांबलं.
"मग ही वाढ धरायची की नाही?"

माझी आई आरोग्य केंद्रात आया होती.
खाटेला लटकणारा कागद वाचायला
ती पाहून पाहून शिकली.
ताप चढला की रेघ वर जाते.
बाळानं वजन धरलं की तीही वरच जाते.
कपाळाला हात लावून पाहा लागते, म्हणायची.

हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.
तिची पाचची गाडी होती.
आणि वनमालाला मी ताप कसा म्हणू?
तिचं पाकीट आता यवतमाळात विकतं,
वर छापलेलं नाव, शेवटचा काना जरा पुसट.
कौसर बीनं दुसरी मशीन घेतली.
विचारलं तर म्हणाली, "पयलीले जोडीन पायजे होती."

दीड वर्षानं दुर्योधन जिना चढून आला.
रिक्षा विकली होती. बॅटरी बसली,
नवी परवडेना.
"ताई, बंद झाल्याचा अर्ज असते का?"
म्हटलं, कोण भरतं तो?
न सांगताच बंद होतं सगळं.
"येतानी सांगून आलो होतो न," म्हणाला,
"मंग जातानी बी सांगून जा लागते."

बटण खूप खाली होतं. शोधलं.
त्यानं सवयीनं अंगठा शर्टाला पुसला,
यंत्रावर ठेवला.
पहिल्याच वेळी हिरवा दिवा.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
रेषा परत आल्या होत्या.