बोळा

आमच्याकडे बँजो म्हटलं की लोकांना आठवतो
तो टाइपरायटरच्या बटणांचा, गणपतीच्या मिरवणुकीतला,
हातगाडीवर कर्ण्याला जोडलेला.
हा निराळा.
गोल, चाळणीएवढा, कडेनं चोवीस आकडे,
मध्ये ताणलेलं कातडं, आणि पाचवी खुंटी
दांडीच्या अर्ध्यावरच फुटलेली,
झाडाला भलत्याच ठिकाणी धुमारा यावा तशी.

मे महिना. दौलतगंजात दुपारी
कुत्रीसुद्धा बंद शटरांना पाठ लावून.
सुधन्वा फाळके दोन पेट्या घेऊन आला.
एकीत आजोबांचा बँजो, मुरारच्या छावणीतल्या
कुणा गोऱ्यानं जाताना दिलेला.
दुसरीत नवा, बाहेरून मागवलेला,
त्याच जुन्या साच्यावरून पुन्हा काढलेला:
तीच दांडी, पडद्यांमधून तीच शिंपल्याची फुलं,
पितळी कड्याला कारखान्यातच आणलेला काळपटपणा,
आणि अंगठ्याजवळ झीज,
कुणाच्या अंगठ्याची कोण जाणे.
"सगळं सेम आहे," तो म्हणाला, "फक्त आवाज तो नाहीये."

अण्णा सरोदवाले. कातड्याशी
त्यांची ओळख पन्नास वर्षांची.
नव्यावर टिचकी मारली. "प्लास्टिक. ही तर थाळी आहे भई."
बोकडाचं पातळ कातडं रात्रभर भिजलं,
लोहियाबाजारातून आकडे आवळायची चावी आली.
हा एक, मग त्याच्या समोरचा, मग आडवा,
खाटेची नवार ओढतात तसे, अर्धा-अर्धा फेरा.
घोडी घासून घासून निम्मी केली.
तरी तार छेडली की खणखणाट,
लग्नघरात पातेल्यांची चळत कोसळावी तसा.
सुधन्वा डोळे मिटून ऐके आणि मान हलवी.
त्यांचा लांबून यायचा.
पलीकडच्या खोलीत कुणी दाणे पाखडतंय, असा.

चौथ्या दिवशी मी जुन्याची पाठ उघडली.
चार स्क्रू, त्यातला एक खिळाच.
आत, दांडीच्या सळईमागे,
एक बोळा.
अंजिरी खणाचा. चोळी उसवून उरलेला असावा,
कडेला अजून टाक्यांची भोकं.
कातड्याच्या पोटाला टेकवून कोंबलेला.

बोळा काढून तार छेडली.
खणखणाट. अगदी नव्याचाच.
एका पाळण्यात दोन जुळी रडायला लागावीत.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
पंखा तेवढा फिरत राहिला.

मग सुधन्वा थांबत थांबत बोलला.
जनकगंजात दीड खोली. पाळण्यात आत्या.
भिंतीपलीकडे मिलची रात्रपाळी करून
दिवसा झोपलेली माणसं.
"आजी कधी वाजवू नका म्हणाली नाही म्हणे."
एवढं सांगून त्यानं खणाचा तुकडा
नाकाशी नेला. धूळ होती, शिंक आली.

बोळा पुन्हा आत घातला. किती कोंबायचा
याचं माप कुठे लिहिलेलं नव्हतं.
तिसऱ्यांदा जमलं. खरंच दाणे पाखडल्यासारखा.
नव्यासाठी मी माझ्या ओढणीचं टोक फाडलं,
सुती, फार वेळा धुतलेलं.
आवाज खाली बसला,
पण कुठेतरी दुसऱ्याच घरात.

अण्णा म्हणाले, "घट्ट हवा की सैल,
ते घरावर आहे. तुझ्याकडे रात्री कोण झोपतं?"
सुधन्वा पेटीचे खटके लावत होता.
सिटी सेंटरला फ्लॅट, आठवा मजला.
"कुणी नाही," तो म्हणाला.

मी बिल लिहिलं:
कातडं एक. घोडी घासणे. चावी. मजुरी.
ओढणी लिहिली नाही,
काढूनही घेतली नाही.