पत्ता क्रमांक पाच

कवठेमहांकाळच्या अलीकडे, तिसऱ्या टप्प्याचं पंपहाऊस.
रात्रीचे साडेअकरा. लॅपटॉप ग्रीसच्या डब्यावर.
पोर्ट बरोबर, बॉड रेट बरोबर, पॅरिटी इव्हन,
वायर दोन्ही टोकांना हलवून पाहिली,
तरी ड्रायव्हर पाच नंबरला विचारतो
आणि कधी उत्तर येतं, कधी नुसता कचरा,
कधी काहीच नाही.

दस्तगीरमामा स्टुलावर. मांडीवर वही,
दर तासाचा दाब, अकरा वर्षांचा, निळ्या शाईत.
"बोलत न्हाय व्हय?"
बोलतंय मामा, म्हणाले मी,
पण दोघं एकदम बोलल्यासारखं.

तेव्हा त्यांना आठवलं :
गेल्या दिवाळीत तीन नंबरचं पॅनेल जळालं,
नवं बसवणाऱ्यानं घाईत
पाचाचीच सेटिंगं त्यात ओतली.
"आमच्या गल्लीत दोन दस्तगीर हुतो.
पोस्टमन हाळी द्यायचा, दोघंबी 'ओ' म्हणायचो.
एका ईदीला माझी मनिऑर्डर
त्याच्या घरी शिजली."

तीनाला तीन केलं. सेव्ह. वीज घालवून परत आणली.
उत्तराची वाट बघायची मुदत : एक सेकंद.
इतकी कमी मी माणसाला कधी दिली नसती.

स्क्रीनवर आकडा उगवला, चार पॉइंट दोन.
मामांनी बॅटरी उचलली, लोखंडी जिना उतरले,
गेजच्या काचेवर टिचकी मारली,
धापा टाकत वर आले.
"चार एक," म्हणाले,
आणि वहीत
चार एकच लिहिलं.