इस्तंबूलमध्ये मी बेकार

दार उघडलं नेर्मिन हानिमनं.
आधी माझी बॅग पाहिली, मग माझ्यामागे कुणी आहे का पाहिलं,
जिन्यात वाकूनही पाहिलं,
आणि विचारलं, "बेकार?"

बेकार कसली, बाई!
सव्वीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत,
आता रीतसर पेन्शन आहे.
पण हे सांगायला भाषा कुठे होती?
म्हणून तिच्या टेबलावर मूठ आपटून दाखवली.
धाड. धाड. धाड.
ती दोन पावलं मागे सरली,
मग डोळ्यांत पाणी आणून मला तिनं पोटाशी धरलं,
आणि भरलेली वांगी आणली, ताट उतू जाईल इतकी.

संध्याकाळी तिचा नातू तोल्गा आला.
त्यानं फोनवर शोधून उलगडा केला:
बेकार म्हणजे इकडे बिनलग्नाची.
आणि आजीला वाटलं होतं,
तू नवऱ्याच्या तावडीतून सुटून आलीस.

तेव्हापासून ओळखीच्या शब्दांशी मी जपून वागायला लागले.
लांब दिलेल्या मावशांसारखे ते भेटायचे,
नाक तेच, नेसणं वेगळं.
साबण भेटला, दुकान भेटलं, हवाही भेटली.
बसचा ड्रायव्हर म्हणाला, "तमाम!"
मला वाटलं, तमाम जनतेनं उतरायचं.
उतरले मी एकटी.
तमाम म्हणजे "ठीक आहे" हे कळलं
तीन थांबे चालल्यावर.

एका गाड्यावर ऐकू आलं शालगाम.
मी शाळिग्राम ऐकलं,
उजव्या हाताखाली डावा धरून तीर्थासारखं घेतलं.
लालभडक, खारट, आंबट,
जणू लोणच्याची बरणी विसळलेली.
तरी डोक्यावरून हात फिरवला. सवय.

बोटीवर सिमित खात बसले होते.
युरोपात घेतला होता अख्खा,
आशियात उतरताना अर्धाच उरला.
बाकीचा एका सीगलनं नेला.
मी जकात समजून सोडून दिला.

कादिकॉयच्या चहावाल्याचं नाव हिक्मेत,
मिशी चहाच्याच रंगाची.
तीन पेले झाल्यावर मी ऐटीत म्हटलं, "हेसाप!"
(हिशेबावर माझा भरवसा होता.)
त्यानं छातीवर हात ठेवला: "मिसाफिर."
हो हो, मुसाफिरच, परवा जाणार,
असं म्हणत बशीखाली नाणी सरकवून निघाले.
तर हा सपाता फटफटवत गल्लीच्या टोकापर्यंत मागे,
नाणी माझ्या मुठीत कोंबली,
मूठ वरून दाबली,
आणि रागावल्यासारखा परत गेला.

तोल्गा म्हणाला, अगं, मिसाफिर म्हणजे पाहुणा.

रात्री बराच वेळ टेबलाशी बसले.
खाली मांजरं भांडत होती, कुठेतरी बोटीचा भोंगा.
मग कुणी बघत नाही असं पाहून
टेबलावर मूठ आपटली, एकदाच, हलक्या हातानं.
पोच.

आतून नेर्मिन हानिम धावत आली,
वांगी घेऊन.