पटावर एक

मेस्तियाच्या प्रशिक्षणात त्या मुलानं
(मुलगाच तो, दाढी नुकती फुटलेली, थेट तिबिलिसीहून आलेला)
दोन दिवसांत सतरा साधनं शिकवली.
म्हणाला, बाई, आता वर्ग कसा रंगतो बघा.
मी वहीत सगळं उतरवून घेतलं,
पासवर्डसकट.
पटसंख्या विचारायचं त्याला सुचलं नाही,
मीही सांगितली नाही.

पट एक.
दारिको, वय नऊ, इयत्ता चौथी.
बुटांवर बर्फ घेऊन येते, उंबऱ्यावर दोनदा पाय आपटते,
तीच माझी घंटा.

पहिल्या दिवशी नावांचं चाक लावलं,
रंगीत, गरगरणारं, टकटक वाजणाऱ्या काट्याचं.
फिरलं, दमलं, थांबलं: दारिको.
पुन्हा फिरवा, म्हणाली.
दारिको.
हसून हसून बाकावर आडवी झाली,
मग उठून फळ्याकडे गेली आणि गणित चुकली.

गट पाडणाऱ्या साधनानं मात्र साफ नकार दिला.
किमान दोन विद्यार्थी हवेत, लाल अक्षरांत.
गोंगाट मोजणारा दिवा आठवडाभर हिरवाच;
एकदाच पिवळा झाला,
शेगडीत ओलं लाकूड फुटलं तेव्हा.

उपग्रहाच्या नकाशात आमचं गाव उन्हाळ्यातच असतं.
कुणाचं तरी गवत वाळत पडलंय,
रस्त्यात एक गाय, तिची सावली तिच्यापेक्षा मोठी.
दारिकोनं बोट ठेवत छपरं मोजली: एकोणचाळीस.
मग खिडकीशी जाऊन धूर मोजला.
त्याला दोन हातांची बोटं पुरली.
वजाबाकीचा तो धडा मी घेतला नाही,
झाला.

प्रश्नमंजुषेच्या शेवटी तीन पायऱ्या येतात,
वरून रंगीत कागदाच्या चिंध्या उडतात.
दारिको रोज पहिली. रोज शेवटचीही.
चौथ्या दिवशी तिनं प्रश्न धड वाचलेच नाहीत.

त्या रात्री मी जुनी हजेरी काढली.
दोन हजार चारच्या पानावर अकरा जण.
माझ्या जुन्या फोनवर मी मुर्झाकान झाले,
जो आता पोलंडात ट्रक चालवतो;
बहिणीच्या टॅबवर त्सिउरी,
जिचा कुताइसीतला पत्ता दोनदा बदलला, मग कळेनासा झाला.
टेबलाखाली दोन अंगठे
दोन वेगळ्या मुलांसारखे चालवायचे, सोपं नसतं.
मुर्झाकान घाईत चुकायचा, तसाच होता तो.
त्सिउरी उशिरा, पण बरोबर.
दारिको पेटलीच.
हा मुर्झाकान राहतो कुठे, तिनं दात ओठ खात विचारलं.
पलीकडच्या खोऱ्यात, मी म्हणाले.
अगदीच खोटं नव्हे. पलीकडे खोरी पुष्कळ आहेत.

मार्चमध्ये बर्फाच्या वजनानं तार तुटली.
तीन दिवस खडू आणि मेणबत्ती.
चौथ्या दिवशी वीज आली, खेळ लावला,
पडद्यावर नावं चढू लागली:
दारिको. मुर्झाकान. त्सिउरी.
आणि एक, जे मी टाकलं नव्हतं:
नाझिब्रोला बाई.

मी मान वर केली नाही.
तिनंही नाही.
तिच्या बाकाखाली तिच्या आईचा फोन उजळला होता,
तडकलेल्या काचेचा.

दहा प्रश्न.
नाझिब्रोला बाईंना नऊ आले.
नदीवरचा पूल कोणत्या साली वाहून गेला, तेवढं चुकलं.
ते साल मला खरंच कधी लक्षात राहत नाही;
तिनं पाहून ठेवलं होतं तर.
पायऱ्यांवर मी सगळ्यांत वर, चिंध्या उडाल्या,
दारिको दुसरी,
मुर्झाकान नेहमीसारखा कुठेतरी खाली.

बाई, तुम्ही जिंकलात, ती म्हणाली,
आणि टाळीसाठी हात पुढे केला.
तळवा गार, अंगठ्याशी शाईचा डाग.

संध्याकाळी ते गट पाडणारं साधन पुन्हा उघडलं.
नावं भरली, चार.
या वेळी कुरकुर केली नाही त्यानं.
किती गट हवेत, एवढंच विचारलं.
थांब, शेगडीत लाकूड टाकून येते, म्हटलं,
आणि उठले.