कोपऱ्यावरचा दोर

पुंता अरेनासमध्ये वारा असा
की नगरपालिका चौकात दोर बांधते,
म्हाताऱ्यांनी, पोरांनी, दोन जिवांच्या बायांनी
धरून पलीकडे जावं म्हणून.
एप्रिल आला तरी यंदाचे अजून सोडले नव्हते.

सातवा सरत आलाय माझा.
नोल्बेर्तो दक्षिणेच्या खाड्यांत एरिसोसाठी बुड्या मारतो,
आठवड्यातून एकदा रेडिओवर येतो, एकच विचारतो:
हलतंय ना?
मी इथे कारखान्यात. ते हिरवट काटेरी गोळे
फुटून येतात टेबलावर,
आतल्या पिवळ्या जिभा चमच्याने सोडवायच्या,
एकही न फाटता.
हात हलका म्हणून ठेवलंय मला.

दवाखान्यातली सुईण मिर्था म्हणाली, फ्लूची लस घे.
म्हटलं, बघते.
बरं, म्हणाली, आणि एक कागद दिला.
नको असेल तर इथे सही.
तो फ्रिजवर लावला, लिंबाच्या फोडीच्या चुंबकाखाली.
नऊ दिवस.

या पोटासाठी मी कॉफी सोडली,
कच्चे शिंपले सोडले, केस रंगवणं सोडलं
(मुळं पांढरी दिसतात, दिसू देत),
डोकं ठणकलं तरी गोळी पुढ्यात ठेवून
नुसती बसून राहिले.
आणि आता आपणहून दंड पुढे करू?

शेजारची एर्मेलिंदा म्हणाली, तिच्या भाच्याच्या बायकोला
त्याच रात्री ताप भरला.
मग?
मग काय, उतरला.
पण ती 'उतरला' असं म्हणाली
की चढल्यासारखाच वाटला.

दानित्सा, माझी बहीण, काहीच बोलली नाही.
गेल्या जूनमध्ये, आठव्यात, तिला झाला होता फ्लू.
अकरा दिवस नाकात नळी.
इवो घाईघाईने आला, ओंजळीत मावेल एवढा.
वाचला. आता गुबगुबीत आहे, मांजराचं शेपूट ओढतो.
पण ती अजून रात्री उठून त्याचा श्वास मोजते,
मी पाहिलंय,
ओठ हलतात तिचे.

माझा हिशेब असा होता:
घेतली आणि काही झालं, तर माझ्या हातून.
नाही घेतली आणि झालं, तर वाऱ्याच्या.
वाऱ्याला इथे कोण जाब विचारतं?

नवव्या दिवशी समोरच्या टेबलावर ओर्फेलिना खोकली,
कोपरात तोंड खुपसून, दोनदा,
मग तिसऱ्यांदा.
माझा हात पोटावर गेला, चमच्यासकट.
तेव्हा कळलं,
मी सही न करताच सही करून बसले होते.

मिर्थाने उपदेश केला नाही.
विचारलं, भीती सुईची की माझी?
म्हटलं, माझीच मला.
ती हसली नाही. म्हणाली,
यातला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही.
दंड दुखेल. कदाचित एखादा दिवस कणकण.
आणि बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर
त्याला स्वतःची लस देता येत नाही.
तोवर तुझ्याकडून जे उतरेल तेवढंच त्याचं.

उतरेल.
एर्मेलिंदाचाच शब्द, पण इथे
कुणीतरी जिना उतरून, हातात काही घेऊन,
आत येतंय असा.

हमी देतेस?
हमी? ती मला माझ्या तीन बाळंतपणांत
कुणी दिली नाही, म्हणाली,
आणि कापूस ओला केला.

परतताना चौकात दोर धरला.
डावा दंड जड, म्हणून उजव्या हाताने.
माझ्या पुढे एक म्हातारा, बगलेत पाव,
त्याच दोराला.
वारा काही कमी झाला नव्हता.
आम्ही दोघंही पलीकडे गेलो, तो जरा आधी.

रात्री रेडिओवर नोल्बेर्तो: हलतंय ना?
हलतंय. दंड दुखतोय.
कुठला?
जणू त्याने काही फरक पडणार होता.

कागद अजून फ्रिजवरच आहे, पालथा.
मागच्या कोऱ्या बाजूवर दोन नावं लिहिलीत.
त्यावर मात्र अजून
माझी सही नाही.